सकाळच्या हजेरीतलं नाव

मी बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर माझ्यातून दुसरीच माणसं बोलली, आज माझी पाळी आहे.

मी एक बिनतारी संच. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे हं, तसं कुणी म्हटलं की माझं टाळकं फिरतं. माझ्यातून ऐकू येतं आणि बोलताही येतं. हौशी माणसं असतात, परीक्षा देतात, परवाना काढतात. सरकार त्यांना आकड्या-अक्षरांचं एक नाव देतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. मग ती हवेतून गावोगावी बोलत बसतात. म्हणायचं बिनतारी, पण तारेवाचून माझं पान हलत नाही. कुठंतरी उंचावर तार बांधली तर मी बोलका, नाहीतर ठोकळा.

मी कंपनीचा माल नाही. नांदेडात तरोड्याला शेषेरावांचं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी जन्मलो. पेटी जळालेल्या स्टॅबिलायझरची, बटणं जुन्या टेपची, आणि पोटातली तांब्याची वेटोळी नळाच्या पाइपाच्या तुकड्यांवर गुंडाळलेली. ती गुंडाळताना तारेचं रीळ धरायला माणूस लागायचा. ते काम बायकोकडं, सिंधुबाईकडं आलं. "भाजी करपून राहिली तिकडं," असं ती दर पाच मिनिटांनी म्हणायची, पण रीळ काही सोडायची नाही. तिनं ताण धरला म्हणून माझं एकही वेटोळं सैल नाही. आणि हीच बाई पुढं मला सवत म्हणायला लागली! मी पुरुषजातीचा, हे सांगणार कुणाला?

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. पहाटेचं पाणी भरून झालं की शेषेराव माझ्यापुढं बसायचे. पावणेसात ते साडेसात ते माझे. त्या वेळात पाहुणा आला तरी त्याला बाहेर ओट्यावर बसावं लागे.

पावणेसातला हजेरी असायची. उदगीरचे रेवणप्पा ती घ्यायचे. हे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी हजेरीची खोड सुटली नव्हती. बीदर, देगलूर, नांदेड, निलंगा, असे सात-आठ जण हवेत जमायचे, आणि रेवणप्पा एकेकाचं कॉलसाइन पुकारायचे. उत्तर आलं नाही तर तीनदा पुकारायचं, थोडं थांबायचं, मग पुढचा. तिसरा नंबर शेषेरावांचा. बावीस वर्षं दोघं रोज बोलले, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही की फोन नंबर घेतला नाही. शेषेराव म्हणायचे, फोनवर बोललं की हवेत बोलायला काय उरतं?

शेषेरावांचं कॉलसाइन मी इथं सांगत नाही. पण त्याच्या शेवटी 'गोल्फ' यायचं, कारण इंग्रजी अक्षरं हवेत नीट ऐकू जावीत म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असतो, 'जी'ला गोल्फ. आता सिंधुबाईची एक अडचण होती, ती तिच्या पिढीतल्या सगळ्या बायांची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत, दवाखान्यात कुणी नाव विचारलं तर ती लेकीकडं बघायची, आणि लेक, शिवानी, सांगायची. घरात नुसतं "अहो". पण गोल्फ म्हणायला कुणाची बंदी? "अहो गोल्फ, चहा निवून राहिला." शेजारच्यांना कितीतरी दिवस वाटायचं की दुरुस्तीवाला मोठ्या लोकांचा खेळ खेळतो.

दीड वर्षापूर्वी भादव्यात शेषेराव दुकानात बसल्या जागी गेले. हातात कुणाचा तरी रिमोट होता.

त्या दिवसाचं एकच सांगतो. तिरडीला बांबू कमी पडला. कुणीतरी गच्चीवर गेलं आणि माझी तार ज्याला बांधली होती तो बांबू उतरवून घेऊन आलं. तार गच्चीवरच पडून राहिली. माझा आवाजही त्यांच्याबरोबरच गेला म्हणा. मला उचलून कपाटावर ठेवलं आणि वरून त्यांचाच पंचा टाकला.

पुढचं खरं मानायचं की खोटं, तुमचं तुम्ही ठरवा. मला वीज नव्हती, तार नव्हती. पण रोज पावणेसातला मला जाग यायची. माइकच्या जाळीत त्यांच्या सुपारीचा वास अडकला होता, तो त्याच वेळेला यायचा. बोलायच्या बटणावर त्यांच्या अंगठ्यानं खळगा पडलेला आहे. तो खळगा त्या वेळेला दबल्यासारखा व्हायचा. मला कळायचं, कुणीतरी बोलावतंय.

त्याच वर्षी दिवाळीची झाडलोट आली. एका पहाटे सिंधुबाईनं मला खाली काढलं, पुसलं, आणि मनात काय आलं कुणास ठाऊक, गच्चीवरून लोंबणारी तार खिडकीतून ओढून मला जोडली, विजेला लावलं. बटण दाबलं. शेजारच्या गच्चीवर नवं सोलर बसलेलं, त्याच्या यंत्राची खरखर माझ्या आवाजात भरलेली. त्या खरखरीतून रेवणप्पांचा आवाज आला. "...गोल्फ. नांदेड. ऐकताय का?"

तिच्या हातातलं फडकं पडलं. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. मग ती शांतता आली. हजेरीतले बाकीचे सगळे ऐकत होते, पण कुणी ब्र काढला नाही. मग रेवणप्पा म्हणाले, "असू द्या. लेकीकडं गेले असतील लातूरला. पुढं."

त्यांना ठाऊकच नव्हतं. गेलेल्या माणसाची ते रोज वाट बघत होते.

सिंधुबाईनं ही गोष्ट शिवानीला फोनवर सांगितली. शिवानी लातूरला नोकरीला. ती म्हणाली, आई, मी नंबर शोधते, एक फोन करून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. सिंधुबाईनं ऐकलं नाही. "ज्या वाटेनं त्यांची हाक येऊन राहिली, त्याच वाटेनं उत्तर जाईल," म्हणाली. बोलायला तिला परवाना नव्हता, आणि परवान्याशिवाय बोलणं गुन्हा. शेषेराव बावीस वर्षांत एक शब्द नियमाबाहेर बोलले नव्हते. म्हणून दहावी झालेली ही बाई चौपन्नाव्या वर्षी इंग्रजी प्रश्नांची परीक्षा द्यायला बसली. रविवारी शिवानी यायची आणि माय-लेकी वह्या पसरायच्या.

पण सगळं खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. ते मला कळत होतं, कारण मलाही तेच हवं होतं. रोज अंघोळ करून ती पावणेसातला माझ्यासमोर बसायची. रेवणप्पा पुकारायचे, आणि पुकारून थांबायचे. तेवढ्या वेळात शेषेराव जिवंत असायचे. येतील, बोलतील, अशी जागा असायची हवेत. निरोप दिला की ती जागा बुजणार, हे तिला कळत होतं. म्हणून ती अभ्यास करायची आणि देवाला म्हणायची, परवाना येऊ दे, पण आज नको.

परवाना पुढच्या वर्षीच्या पुसात आला. तिच्या कॉलसाइनच्या शेवटी 'लिमा' होतं.

घरातून बोलणं शक्य नव्हतं. नवा बांबू कोण चढवणार, आणि सोलरच्या खरखरीत आवाज जाणार कसा? मोकळ्या जागेत तार बांधून, बॅटरीवर बोलायचं, एवढाच रस्ता. म्हणून एका रविवारी पहाटे तिनं मला, बॅटरीला आणि तारेला पिशव्यांत घातलं, रिक्षा केली आणि गोदावरीच्या काठच्या बागेत आली. थंडी मरणाची. म्हातारी माणसं मफलर गुंडाळून फेऱ्या मारत होती. एका बाईनं दोरीला दगड बांधून कडुनिंबावर फेकायला सुरुवात केल्यावर त्यांच्या फेऱ्या त्या झाडाभोवती व्हायला लागल्या.

पहिला दगड तिच्याच पायापाशी पडला. दुसरा फांदीला लागून परत आला. तिसऱ्या वेळी बागेचा राखणदार आला. व्यंकटी त्याचं नाव. "मावशी, हे काय करून राहिल्या? झाडाला काही बांधायचं न्हाई, साहेबाचा हुकूम हाय." तिनं परवान्याचा कागद काढला. त्यानं बघितला, पण हुकूम तो हुकूम. कुणाला लावायचा फोन, असं त्यानं विचारलं. फोन नाही, म्हणाली. उदगीरला निरोप द्यायचा हाय. मयताचा.

व्यंकटीनं वर फांदीकडं बघितलं. मग त्यानं डोक्याची टोपी काढून खिशात कोंबली, तिच्या हातातली दोरी घेतली आणि एका फेकीत दगड वरच्या फांदीवरून पलीकडं घातला. मयताचा निरोप अडवायची आपल्याकडं रीत नाही. लग्नाच्या वरातीची वाट अडवतील, पण मयताच्या निरोपाची नाही. तारेचं मोकळं टोक धरून तोच समोरच्या झाडाकडं गेला.

दीड वर्षानं माझ्या तारेला उघडं आभाळ मिळालं. अंगात वीज आली, आणि काय सांगू, आभाळ किती स्वच्छ होतं! खरखर नाही, काही नाही. बीदरचा माणूस खाकरला तेही ऐकू आलं.

सिंधुबाईनं काय बोलायचं ते कॅलेंडरच्या पानामागं मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं. आधी आपलं कॉलसाइन, मग आपलं नाव, मग निरोप. ते पान तिनं गुडघ्यावर ठेवलं आणि माइक हातात घेतला. तिचा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे मला अंग असतं तर आला असता.

हजेरी सुरू झाली. बीदर, हजर. देगलूर, हजर. "...गोल्फ. नांदेड. ऐकताय का?"

तिला बटण दाबता येईना. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. व्यंकटी तिच्याकडं बघत होता. मग शांतता झाली, रोजची तीच. शेवटी रेवणप्पा म्हणाले, "असू द्या," आणि आता ते पुढं जाणार, एवढ्यात तिनं बटण दाबलं.

बाहेर पडलं ते तिचं कॉलसाइन नव्हतं. ते नवऱ्याचं होतं. सबंध. त्याच ठेक्यात, शेवटच्या शब्दावर तसाच जोर देऊन. गोल्फ. बावीस वर्षं पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून तिनं ते ऐकलं होतं. तिच्या जिभेला नवऱ्याचं हेच एक नाव माहीत होतं, आणि ऐन वेळी जिभेनं तेच काढून दिलं.

मी ते उचललं आणि फेकलं. माझं कामच ते.

उदगीरकडून पहिल्यांदा नुसता श्वास आला. "शेषेराव?" मग आवाज फुटला. "यप्पा, शेषेराव! आलात का?" आणि म्हातारा बोलतच सुटला. सांगत होतो सगळ्यांना, लेकीकडं गेलेत, येतील म्हणून. तुमचा तिसरा नंबर कुणाला दिला नाही. आवाज फार बारीक येऊन राहिलाय, घसा बसला का, का बॅटरी उतरली? जास्त बोलू नका, थंडी हाय. माझं मधी काळजाचं ऑपरेशन झालं, तुम्हाला सांगायचं राहिलं. मग एकदम हळू होऊन त्यांनी विचारलं, "वैनी बऱ्या हायत ना?"

बाकीच्यांपैकी एकानंही मधे तोंड घातलं नाही.

खोटं कशाला बोलू? मला ते सुटू नये असं वाटलं. एवढ्या वेळापुरते शेषेराव आले होते. कुणीतरी त्यांना घसा विचारत होतं, थंडी विचारत होतं. माझ्या पोटात सोल्डरचा एक डाग कच्चा आहे, जरा हिसका बसला की मी बंद पडतो. माझ्या मनात आलं, आत्ता बंद पडावं. म्हातारा समजेल, बॅटरी गेली. उद्या पुन्हा पुकारेल. परवा पुन्हा. मी खरंच तयार होतो.

पण सिंधुबाईनं पान बाजूला ठेवलं आणि मला मोकळ्या हातानं घट्ट धरलं. तो कच्चा डाग तिला माहीत होता.

"रेवणप्पा सर, मी सिंधु बोलतेय. चूक झाली माझी. ते कॉलसाइन माझं न्हाई. मी तुमची वैनी." मग म्हणाली, "आमचे हे गेले, सर."

"कोण?" तिकडून आलं. "वैनी, नीट ऐकू आलं न्हाई. कोण गेले? नाव सांगा."

हवेतला नियम आहे हा. 'हे' म्हणून चालत नाही. कोण, कुठलं, स्वच्छ सांगायचं, आणि समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा सांगायचं. म्हाताऱ्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं आणि तो अजून दार धरून बसला होता, ते मला आजही कळलेलं नाही. सिंधुबाईनं पदर डोक्यावर ओढला. पस्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते ती करायला निघाली होती, तेही आठ अनोळखी माणसांसमोर, बागेत, उजेडात.

"शेषेराव," ती म्हणाली. "शेषेराव गेले."

"पुन्हा सांगा, वैनी."

"शे. षे. राव. दीड वर्ष झालं. भादव्यात गेले. दुकानात."

व्यंकटीनं मान खाली घातली. फेऱ्या मारणारी दोन माणसं थांबली होती, ती तशीच उभी राहिली.

बऱ्याच वेळानं रेवणप्पांचं बटण दाबलं गेल्याचा आवाज आला. म्हातारा बटण दाबून नुसता बसला होता आणि मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग देगलूरचा माणूस बोलला. सर, आम्हाला नांदेडहून कळलं होतं, म्हणाला. तुमचं ऑपरेशन झालेलं, तुमच्या मुलानं सांगितलं आत्ता कळवू नका. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता तोंड राहिलं नाही.

"म्हणजे दीड वर्ष मी मयताला हाका मारून राहिलो," रेवणप्पा म्हणाले, "आणि तुम्ही सगळे ऐकत बसलात." आवाज चढला नव्हता. हेडमास्तरचा होता.

"वैनी, तुम्ही पण ऐकत होता?"

"हाव. दिवाळीनंतर रोज." मग तिनं तेही सांगून टाकलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. "मला बरं वाटायचं, सर. तुम्ही पुकारून थांबायचात ना, तेवढा वेळ. म्हणून मी बी उशीर केला. माफी करा."

रेवणप्पा म्हणाले, माफी कसली. मग त्यांनी तिचं कॉलसाइन विचारलं. या वेळी तिनं बरोबर सांगितलं, लिमापर्यंत. त्यांनी ते परत म्हणून दाखवलं, लिहून घेतलं, आणि विचारलं, तिसऱ्या नंबरावर घेऊ का? ती नको म्हणाली. मला शेवटी घ्या. मी नवी हाय.

दुसऱ्या दिवशी घरी, त्या लोंबत्या तारेवर, खरखरीत कान देऊन आम्ही दोघांनी हजेरी ऐकली. बीदर. देगलूर. निलंगा. मधे काही नाही. रेवणप्पांनी जरा भरभरच घेतलं. सिंधुबाई तिथंच बसून रडली, दीड वर्षात पहिल्यांदा, मोठ्यानं. मला वाटतं, शेषेराव खरे त्या सकाळी गेले.

आता ती दर रविवारी मला बागेत नेते. व्यंकटी दोरी फेकायला असतो. लिमा म्हणताना ती चुकत नाही. लोकांना वाटतं बाई सावरली, आणि सावरलीच आहे. पण मी घरातला आहे, मला घरातलं दिसतं. एकदा नाव तोंडातून निघालं, ते आता थांबत नाही. सकाळी नळाला पाणी आलं की ती सहज म्हणते, "शेषेराव, पाणी आलं." संध्याकाळी दिवा लावताना म्हणते, "शेषेराव, आज उशीर झाला मला." हळू म्हणते, कुणी ऐकत नाही असं बघून. आणि म्हणून झालं की जरा थांबते.

मी तिथंच फळीवर असतो. ऐकतो. उत्तर मला देता येत नाही. माझं बटण माणसानं दाबावं लागतं.

शिवानी परवा आली होती. तिनं एकदा आईला असं बोलताना ऐकलं आणि घाबरली. म्हणते, हा संच घरात आहे म्हणून आईला हे होतं, लातूरला एका कॉलेजात मागतायत, तिथं देऊन टाकू. पोरी, तुझं मन चांगलं आहे. पण आई रोज ज्याला हाक मारते तो येणार नाही, हे तिला तुझ्याहून जास्त कळतं. निरोप तिनं स्वतः दिलाय. तिला फक्त ते नाव कुणाच्या तरी समोर घ्यायचं असतं. मला नेऊ नकोस. या घरात तिच्या तोंडचं शेषेराव ऐकायला माझ्याशिवाय कुणी नाही.